सावड, पंचनामा आणि पॉलिसी

आमच्या इंदापूर तालुक्याच्या जमिनीचा इतिहास मोठमोठ्या पुस्तकांत आहे. इंग्रज आमदानीत गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी जमीन मोजून, मातीची प्रत ठरवून, तीस वर्षांसाठी सारा बांधून द्यायची जी पद्धत सुरू केली, तिची सुरुवात १८३५-३६ साली आमच्याच इंदापुरात झाली. पुढं ती सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. काळी किती, मुरमाड किती, खोली किती हात, विहिरीचं पाणी आहे का, सगळं लिहिलं गेलं. पण त्या काळ्या आईच्या लेकरांच्या डोक्यावर काय होतं, गवत होतं का माती होती, हे कुठल्या वहीत आलं नाही. सारा जमिनीवर होता, छपरावर नव्हता. त्यामुळं छपराचा इतिहास लिहायला साहेबाला कारण नव्हतं. मला आहे, म्हणून मी लिहितो.

आमचं गाव बारामतीच्या शिवेला लागून, नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडं. तहसील इंदापूर आणि बाजार बारामती, असा आमचा संसार दोन गावांत वाटलेला. दाखला पाहिजे तर पूर्वेकडं तोंड करायचं आणि पत्रा, खिळा, सिमेंट पाहिजे तर पश्चिमेकडं. गारपीट झाली की मग दोन्हीकडं पळावं लागतं, ते पुढं येईलच.

माझ्या आज्याच्या काळी गावात घरं दोन तऱ्हेची. ज्याची ऐपत होती त्याचं माळवद, ज्याची नव्हती त्याचं सप्पर. पुस्तकात छप्पर लिहितात, आम्ही सप्पर म्हणतो. सपराला मेढी रोवायच्या, वर आडं टाकायचं, दोन्ही अंगांनी वासे सोडायचे आणि त्यावर पाचटाचा किंवा गवताचा थर द्यायचा. बांधायला केकताडाचा वाख. कालवा १८८५ च्या सुमारास आमच्या भागात आला आणि त्याच्या मागोमाग ऊस आला, म्हणून पाचटाला तोटा नव्हता. लाकूड बांधावरच्या बाभळीचं. पैसा असा लागायचा नाही. लागायची ती माणसं.

ती माणसं सावडीनं यायची. शहरातल्या वाचकाला सांगतो, सावड म्हणजे आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या रानात. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, पण कोण किती दिवस आलं हे सगळ्यांच्या ध्यानात असायचं. पेरणीला, खुरपणीला सावड असायची तशी सपरालाही असायची. वीस गडी सकाळी यायचे, दिवस कलायच्या आत घर शाकारून मोकळे. घरधन्यानं दुपारचं जेवण घालायचं, एवढाच खर्च. माझी आजी म्हणायची, "सपराला लागतंय काय? डाळीचं आदाण आन् चार मान्सांचा जिव्हाळा."

माळवदाचं काम निराळं. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, त्यावर तुळया, तुळयांवर खांडं, खांडांवर किलच, किलचांवर लिंबाचा नाहीतर तरवडाचा पाला आणि त्यावर हातभर पांढरी माती. ही माती गावठाणातल्या जुन्या पांढरीची. तिच्यातनं पाणी लवकर उतरत नाही. दर वर्षी मृगाच्या आधी वर चढून नवी माती टाकायची, धुम्मसानं चोपायची, पन्हाळ मोकळी करायची. धूर जायला सवणं असायचं, पाऊस आला की त्यावर घमेलं पालथं घालायचं. माळवदाला तुळया लागत आणि तुळयांना पैसा, म्हणून माळवद म्हणजे खानदानाची खूण. सोयरीक करायला आलेला पाव्हणा आधी वर बघायचा, तुळया सागाच्या का बाभळीच्या.

आता गारांकडं येतो. गारा आमच्याकडं नव्या नाहीत. फाल्गुन-चैत्रात दुपारचं ऊन तापतं, जमिनीवरची गरम हवा जोरानं वर चढते, ढग आभाळात मैलोन् मैल उंच जातो. वर इतकी थंडी असते, की पाण्याचे थेंब गोठतात. वर चढणारी हवा त्यांना खाली पडू देत नाही, आणि प्रत्येक फेऱ्यात अंगावर बर्फाचा नवा पदर चढतो. म्हणून मोठी गार कापली तर कांद्यासारखे पदर दिसतात. हवेला पेलवेना झाली की मग ती खाली येते. उत्तर प्रदेशात मुरादाबादजवळ ३० एप्रिल १८८८ रोजी झालेल्या गारपिटीत २४६ माणसं मेली होती. जगात गारपिटीनं एवढी माणसं मेल्याची दुसरी नोंद नाही असं म्हणतात.

पण छपराच्या बाजूनं बघितलं तर आमच्या जुन्या घरांना गारांचं भय फारसं नव्हतं. पाचटावर गार पडली की आत रुतून बसते, चार पेंढ्या खराब होतात. माळवदावर पडली तर मातीला खळगे पडतात, ते दुसऱ्या दिवशी चोपून बुजवायचे. गारा पिकाला, गुराला आणि उघड्यावरच्या माणसाला मारायच्या, घराला नाही. घराचे वैरी दुसरे होते. सपराचा वैरी विस्तव आणि माळवदाचा वैरी झड. आठ-आठ दिवस भीजपाऊस लागला, की माळवद पाणी पिऊन जड व्हायचं आणि एखादं खांड रात्रीत मोडायचं.

मग घर बसलं तर भरून कोण द्यायचं? सरकार सारा माफ करायचं, नाहीतर तहकूब करायचं, तेही पीक बुडालं तर. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी तगाई आली, पण ती कर्जाऊ आणि मुख्यतः विहीर, बी-बियाणं, बैलासाठी. सावकार द्यायचा, पण त्याच्या कागदाची दहशत आमच्या भागाला पुरेपूर माहीत होती. बारामती तालुक्यातलं सुपे, तिथंच १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं बाहेर ओढून जाळली आणि ते लोण पुढं पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. त्यातनंच १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. पुढं १९०८ च्या दिवाणी कायद्यात तर शेतकरी ज्या घरात राहतो ते घर साध्या कर्जाच्या वसुलीसाठी जप्त करता येणार नाही, असं कलमच आहे. कायद्यानं छपराची दखल घेतली ती अशी. छप्पर काढून न्यायचं नाही एवढं सांगितलं, उडालं तर कोण घालणार ते सांगितलं नाही.

ते काम सावडीचं होतं. आणि सावड गावापुरती नव्हती. गारपिटीचा पट्टा अरुंद असतो. एका गावाचा चुराडा आणि ओढ्याच्या पलीकडं थेंब नाही, असं आम्ही कितीदा बघितलंय. सगळं गावच झोडपलं गेलं तर गावातली सावड काय कामाची? सगळ्यांचीच घरं उघडी. तेव्हा कामाला यायचे सोयरे. लेकी चार-पाच कोसांवर, दहा कोसांवर दिलेल्या. त्यांच्या सासरहून कडब्याच्या गाड्या यायच्या, चार गडी यायचे, दोन दिवस राहून काम करून जायचे. माझा आजा म्हणायचा, "सोयरं येका शिवारातलं करू ने. आभाळ फाटलं तर दोघांचं बी येकदमच फाटतंय." विमा कंपनीवाले धोका वाटून टाकायचा म्हणतात ते हेच. आज्याला विमा हा शब्द माहीत नव्हता, पण हिशेब पक्का होता.

हा हिशेब मोडला तो पैशानं. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबजवळ साखर कारखाना काढला आणि वालचंदनगर वसलं. १९५० च्या दशकात माळेगावचा आणि भवानीनगरचा सहकारी कारखाना उभा राहिला. बागायतदाराच्या हातात वर्षाला रोकड यायला लागली आणि रोकड आली की पहिल्यांदा छप्पर बदलतं. मंगलोरी कौल आलं. हे कौल मंगळूरला १८६५ साली एका जर्मन मिशनच्या कारखान्यात पहिल्यांदा झालं, आमच्यापर्यंत यायला शंभर वर्षं लागली. पन्हाळी पत्र्याचंही तसंच. लंडनमध्ये १८२९ साली त्याचं पेटंट निघालं आणि माझ्या बापानं पहिला पत्रा घेतला तो बहात्तरच्या दुष्काळानंतर.

दुष्काळात आमच्या माळवदाच्या दोन तुळया विकल्या होत्या. वडील आणि आई खडी फोडायला जायचे, आम्ही पोरं सुकडी खायचो. घराचा एक सोपा उघडा पडला होता. पुढं दोन वर्षांनी उसाचं बिल आल्यावर वडिलांनी बारामतीहून बैलगाडीत घालून सिमेंटचे पत्रे आणले. माझ्या आठवणीत गावातलं ते तिसरं पत्र्याचं घर. तिकडं उजनीचं धरण चाललं होतं. १९८० साली ते पुरं झालं आणि भीमाकाठची पळसदेवसारखी गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ अजून वर दिसतं. माझी मावशी त्याच काठची. त्यांनी जुन्या घराच्या तुळया, दारं, चौकटी गाडीत घालून नव्या गावठाणात आणल्या, पण नव्या जागी पांढरी माती कुठली? मग वर पत्रे टाकले. विस्थापितांच्या वस्त्या अशा एका वर्षात पत्र्याच्या झाल्या.

उरलंसुरलं काम किल्लारीनं केलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती बोळवून माणसं झोपलेली आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांत दगड-मातीची घरं, वरच्या हातभर मातीसकट, माणसांच्या अंगावर बसली. आठ-दहा हजार माणसं गेली. धक्का आमच्याकडंही जाणवला. त्यानंतर वर्षभरात आमच्या गावात माणसांनी माळवदावर चढून फावड्यानं माती खाली ओढली. ज्या मातीनं पिढ्यान् पिढ्या गारा झेलल्या, तिचीच भीती बसली. भिंती त्याच राहिल्या, वर पत्रे आले. आमचं राहतं घरही तेव्हाच पुरतं पत्र्याचं झालं.

पत्र्याला झडीचं भय नाही, मातीचं ओझं नाही, दर वर्षी वर चढायचं काम नाही. पण गारा आता थेट घरावर पडायला लागल्या. कौल एका गारेत फुटतं. सिमेंटचा पत्रा नवा असतो तोवर लहान गारा सोसतो, पण वीस-पंचवीस वर्षं ऊन खाल्लं की ठिसूळ होतो आणि पन्हाळीच्या उंचवट्यावर बरोबर तडकतो. लोखंडी पत्रा फुटत नाही, त्याला पोचे पडतात. पोचा पडला तिथं जस्ताचा किंवा रंगाचा थर उलतो, पाणी साचतं, गंज धरतो आणि तीन-चार पावसाळ्यांनी तिथंच भोक पडतं. म्हणून पंचनामा करणाऱ्याला लोखंडी पत्र्याचं नुकसान दिसत नाही. ते उद्याचं नुकसान असतं.

२०१४ सालच्या फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात जी गारपीट झाली, ती आमच्या पिढीनं बघितलेली सगळ्यात मोठी. एक-दोन दिवस नाही, दोन-तीन आठवडे आज इथं तर उद्या तिथं. ज्वारी, गहू, हरभरा, द्राक्ष, डाळिंब, सगळं सापडलं. लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता त्याच दिवसांत लागली होती. केंद्रात कृषिमंत्री शरद पवार होते, म्हणजे आमच्याच भागातले. केंद्राचं पथक आलं, मदत जाहीर झाली. बारामतीजवळ माळेगाव खुर्दला पिकांवरच्या उष्णता, दुष्काळ, गारा असल्या ताणांचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची संस्था २००९ पासून आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी या गारपिटीवर पुस्तिका काढली, गारा लागलेल्या बागेची छाटणी कशी करायची, फवारणी काय करायची. चांगलं काम. पण सगळा बोलबाला पिकाचा. छपराचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं, आणि माणसांनाही छपराचं बोलायची लाज वाटत होती. शेजाऱ्याची द्राक्षबाग भुईसपाट झालेली असताना माझे चार पत्रे फुटले, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, मदतीचे नियम बदलले. आधी पिकाचं निम्मं नुकसान झाल्याशिवाय मदत मिळत नव्हती, ती अट ३३ टक्क्यांवर आली. घरांचे आकडेही ठरले. पक्कं घर पूर्ण पडलं तर सपाटीच्या भागात ९५,१०० रुपये. पक्क्या घराची निदान १५ टक्के पडझड झाली तर ५,२०० रुपये, कच्च्या घराची तेवढी पडझड असली तर ३,२०० रुपये, घराला लागून असलेल्या गोठ्याला २,१०० रुपये. हे आकडे मला पाठ आहेत, कारण २०१८ च्या चैत्रात ते माझ्या दारात आले.

त्या दिवशी गार वीस मिनिटं पडली. लिंबाएवढी. वीस पत्र्यांचं आमचं घर, त्यातले तेरा फुटले. आम्ही माणसं मधल्या दगडी खोलीत बाजांखाली बसलो, सुनेनं लेकराला परातीखाली धरलं. थांबलं तेव्हा घरात आभाळ दिसत होतं आणि धान्याच्या कणग्यांत गारा पडलेल्या. पहिली पळापळ ताडपत्रीची. बारामतीला पोरगा गेला तर दुकानात ताडपत्रीला रांग आणि दुपारच्या भावात आणि संध्याकाळच्या भावात फरक पडलेला. फॅब्रिकेटर म्हणाला, "आण्णा, पंधरा दिवसांनी नंबर लागंल. माझ्याकडं आठ गावं हायेत." गारपिटीनंतर छपराचा खर्च वाढतो तो असा. सगळ्यांना एकदम पत्रा पाहिजे, एकदम मिस्तरी पाहिजे.

तिसऱ्या दिवशी तलाठी भाऊसाहेब आणि ग्रामसेवक पंचनाम्याला आले. भाऊसाहेबांनी नमुना आठचा उतारा बघितला. त्यावर लिहिलेलं, दगड-मातीचं घर, सिमेंट पत्रा. म्हणजे कच्चं. मी म्हटलं, "भाऊसाहेब, ह्या भिंती माझ्या आज्याच्या आधीच्या हायेत. दोन हात रुंद. ह्याला कच्चं म्हणता, आन् परवाच्या चार इंची भिंतीला पक्कं?" ते म्हणाले, "अण्णा, मला मान्य हाय. पण रकाना दोनच हायेत." माणूस भला होता, खोटं बोलला नाही. मला ३,२०० रुपये धरले गेले. गौरी-गणपतीच्या आसपास ते खात्यावर जमा झाले.

आता खर्चाचं सांगतो, माझ्या वहीतनं उतरवून. तेराच पत्रे बदलायचे तर जुन्या पन्हाळीला नवी पन्हाळ बसेना, आणि राहिलेल्या सात पत्र्यांत केसासारख्या चिरा निघाल्या. म्हणून रंगीत लोखंडी पत्रा घ्यायचं ठरलं. दहा फुटी वीस पत्रे, १,४०० प्रमाणे २८,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ५,०४० रुपये. वरचा कोपऱ्याचा पत्रा आणि स्क्रू मिळून २,९००. जुने वासे कुजलेले निघाले, त्या जागी लोखंडी अँगल ७,५००. टेम्पो भाडं १,२००. मजुरी ६,०००. एकूण ५०,६४० रुपये. सरकारची मदत ३,२००. म्हणजे रुपयामागं सहा पैसे. आणि नुसत्या पत्र्यावर मी सरकारला जो कर भरला तो मदतीपेक्षा १,८४० रुपयांनी जास्त. मी सरकारला नावं ठेवत नाही. नियमातच लिहिलंय, ही मदत आहे, भरपाई नाही. पण शेतकऱ्याच्या घरात दोन्ही शब्दांचा अर्थ एकच लावतात, आणि तिथं घोटाळा होतो.

गंमत अशी, की त्याच गारपिटीत माझ्या अर्ध्या एकर डाळिंबाचेही पैसे आले. फळबागेच्या हवामानावर आधारित विम्यात गारपिटीचं संरक्षण हवं असलं तर जादा हप्ता भरावा लागतो, तो भरलेला होता. मुदतीच्या आत कळवलं, माणूस येऊन बघून गेला. पंतप्रधान पीक विमा योजनेतही २०१६ पासून गारपिटीनं एकाच्याच रानाचं नुकसान झालं तरी ते वेगळं मोजायची सोय होती. म्हणजे डाळिंबाला विमा होता, गायीला होता, मोटरसायकलीला तर कायद्यानंच होता. पोरं ज्याच्याखाली झोपतात त्या छपराला नव्हता. आमच्या गावात त्या साली एकाही राहत्या घराचा विमा नव्हता. मी विचारून बघितलं.

एक मात्र होता, तो घराचा नाही. माझ्या पुतण्याची कोंबड्यांची शेड. बँकेचं कर्ज होतं, म्हणून दर वर्षी बँकच विम्याचा हप्ता कापून घ्यायची. कंपनीचं नाव लिहीत नाही. शेडच्या पत्र्याचं नुकसान १,२०,००० रुपयांचं निघालं. आम्हाला वाटलं, निदान लाख तरी येतील. सर्व्हेअर आला, टेप लावून मापं घेतली आणि हिशेब मांडला. शेड नव्यानं बांधायची तर ६,००,००० लागतील. विमा होता ३,००,००० चा, कारण बँकेनं कर्जाएवढाच काढलेला. म्हणजे निम्म्याच शेडचा विमा. मग नुकसानही निम्मंच धरायचं, ६०,०००. त्यातनं पत्रे सात वर्षं जुने म्हणून घसारा वजा. त्यातनं सुरुवातीचे १०,००० मालकानं सोसायचे म्हणून वजा. हातात आले ३२,०००. पुतण्या बँकेत जाऊन भांडला. तिथं त्याला सांगितलं, विमा कर्जाच्या सुरक्षेसाठी होता. कुणाच्या सुरक्षेसाठी होता हे हप्ता कापताना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सात वर्षांत पॉलिसीचा कागद त्याच्या हातात एकदाही दिला नव्हता.

निम्मा विमा असेल तर निम्मीच भरपाई, हा नियम जुना आहे आणि विचार केला तर अन्यायाचाही नाही. पूर्ण हप्ता भरणाऱ्याच्या पैशातनं अर्धा हप्ता भरणाऱ्याला पूर्ण का द्यायचं? सावडीतही जो दोन दिवस आला त्याच्याकडं कुणी चार दिवस जात नव्हतं. फरक एवढाच, की सावडीचा हिशेब दोघांनाही तोंडपाठ असायचा.

राहत्या घरांसाठी १ एप्रिल २०२१ पासून ही अडचण कमी झाली. विमा नियामकानं सगळ्या कंपन्यांना भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी विकायला लावली. तीत कमी रकमेचा विमा आहे म्हणून भरपाई त्या प्रमाणात कापायची नाही असं आहे. विमा असेल त्या रकमेच्या आत, घर पुन्हा बांधायला जो खर्च येतो तो धरतात. घरातल्या चीजवस्तूंना घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, संरक्षण आपोआप मिळतं. दहा वर्षांपर्यंतची एकदम काढता येते. पण ती राहत्या घराची, शेडची नाही. आमच्या माणसांना मी तीन गोष्टी सांगतो. एजंटाला विचारा, वादळ हा शब्द आहे तिथं गारा धरल्यात का, आणि उत्तर कागदावर घ्या. दगड-मातीच्या भिंतीचं घर आहे हे आधीच लिहून द्या. आणि छपराचे फोटो आजच काढून ठेवा, फुटल्यावर काढलेल्या फोटोत आधी काय होतं ते दिसत नाही. फुटका सिमेंटचा पत्रा उतरवायचा तर आधी त्यावर पाणी मारा, तोंडाला फडकं बांधा. त्यात अॅस्बेस्टॉस असतो, त्याची धूळ छातीत बसते.

२०२२ मध्ये मदतीचे आकडे वाढले. पूर्ण पडलेल्या घराला सपाटीवर १,२०,००० रुपये, घरकुलाला तेव्हा मिळायचे तेवढेच. पक्क्या घराच्या पडझडीला ६,५००, कच्च्याला ४,०००, झोपडीला ८,०००, गोठ्याला ३,०००. वाढले ते बरंच झालं. पत्राही वाढला. चाळीस हजारांचा पत्रा घेतला तर कर ७,२०० होतो, तेव्हा पक्क्या घरवाल्याचाही माझ्यासारखाच हिशेब होतो. माझं म्हणणं साधं आहे. ज्याच्या घराचा पंचनामा झाला त्याला त्या पत्र्यापुरता कर परत द्यावा. नवी योजना नको, पावती दाखवली की झालं.

सावड मात्र अजून पुरती मेली नाही. २०१८ ला माझ्या घराचे फुटके पत्रे उतरवायला आठ पोरं आली ती न बोलावता आली, आणि धाकट्या बहिणीच्या सासरहून, जिथं गार पडली नव्हती, तिथनं दोन ताडपत्र्या आल्या. पत्रे बसवायचं काम आता मशीनचं, ते सावडीत होत नाही. उतरवायचं, सावरायचं, धान्य वाळवायचं काम होतं.

एक गोष्ट लिहायची राहिली. गारा पडतात तेव्हा साखर कारखान्यांचे पट्टे पुष्कळदा चालू असतात. बीड-नगरकडचे ऊसतोडीचे मजूर गावाच्या कडेला थळ टाकून राहतात. पाचट नाहीतर चटईच्या कोप्या, वर प्लास्टिकचा कागद. त्या दिवशी त्यांच्या कोप्यांची चाळण झाली. त्यांना नमुना आठ नाही, आमच्या गावात रेशनकार्ड नाही. पंचनाम्याचा कागद आमच्या शेवटच्या घराशी थांबला. झोपडीला मदत द्यायचा आकडा नियमात आहे, पण तो मिळायला झोपडी कुणाच्या नावावर आहे हे दाखवावं लागतं, आणि कोपी कुणाच्याच नावावर नसते. चुलत्याच्या गोठ्यावरनं पोचे पडलेले सोळा लोखंडी पत्रे उतरवले होते. ते पोरांनी ट्रॅक्टरमध्ये घालून थळावर नेऊन दिले. आठ कोप्यांवर दोन-दोन आले. पुढच्या हंगामात ती माणसं परत आली, तेव्हा ते पत्रे त्यांनी गावाकडनं गाडीला बांधून परत आणले होते. पत्र्यांची ही नोंद कुठल्या सरकारी वहीत नाही, म्हणून इथं करून ठेवली.